सोबत दोन पानं

डँडेनॉन्ग,
९ जून २०२४

प्रिय वेंडी,

तुझा फोन येऊन गेल्याचं आमच्या जॉयलने सांगितलं. बाय, मला फोन करत जाऊ नकोस. तू तिकडून बोलतेस, मी इकडून नुसता "हॅलो, हॅलो" ओरडतो आणि शेवटी दोघंही "बरं, बरं" म्हणून ठेवून देतो. जॉयलने कानात मशीन बसवून दिलंय, पण त्यातून मला माणसांपेक्षा फ्रिजच जास्त ऐकू येतो. तुझे बाबा माझे चुलत भाऊ असले तरी वसईहून सख्ख्या भावासारखी पत्रं लिहायचे. त्यांची मुलगी दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलीय. तेव्हा पेन उचल आणि लिही.

इकडे थंडी पडलीय. सकाळी गवत पांढरं दिसतं. चहा झाला की मी मागच्या अंगणातल्या काचेच्या खोलीत जाऊन बसतो, तो दुपारी भूक लागेपर्यंत. तुला आठवत असेल, पीएचडी करताना तू एकदा आली होतीस, तेव्हा ऑलिव्ह आंटीने तुला बूट काढायला लावून आत नेलं होतं. पानवेलीत पायताण घालून जायचं नाही, हा आपल्या वाडीतला नियम तिने जसाच्या तसा मेलबर्नमध्ये आणला. मीटर वाचायला आलेल्या गोऱ्यालाही तिने अनवाणी केलं होतं. नर्सरीतून आणलेल्या वीतभर काडीची तिने ही वेल केली. आता ती छपराला टेकून परत खाली उतरलीय. मेलबर्नमध्ये आपल्या वसईकरांचं लग्न असलं की विड्याची पानं आमच्याकडून जातात. आंटी जाऊन चौथं वर्ष लागलं, तरी लोक अजून "ऑलिव्हची पानं" असंच म्हणतात.

एक सांगतो, हसू नकोस. त्या खोलीत मला ऐकू येतं. काचांवर वाफ धरलेली असते, बाहेरचं कुंपण, शेजारचं घर, सगळं पुसून गेलेलं असतं. खुर्चीत बसल्या बसल्या डोळा लागतो. मग ऑलिव्ह पानं खुडताना दिसते. नखाने देठ तोडल्याचा बारीकसा आवाज येतो. ती वळून म्हणते, "आर्थर, दार लाव आधी, वारा येतोय." इतकं स्पष्ट की मी खरंच उठून दार लावतो. मग जाग येते.

आता कामाचं. वेलीला काहीतरी झालंय. तपकिरी ठिपके पडतात, भोवती पिवळं कडं. आधी खाली होते, आता वर चढलेत. तू एवढी झाडांची डॉक्टर, म्हणून सोबत दोन पानं जोडली आहेत. सावकाश बघ आणि काही सौम्य औषध असेल तर कळव.

तुझा,
आर्थर अंकल


इनिसफेल,
२४ जून २०२४

प्रिय आर्थर अंकल,

पत्र मिळालं. पाकिटावरचं तुमचं वळणदार अक्षर बघूनच घरी गेल्यासारखं वाटलं. पण अंकल, तुम्ही लिहिलंय की सोबत दोन पानं जोडली आहेत, आणि माझ्या हातात आलंय एकच, पाठपोट लिहिलेलं. वेलीबद्दल जे बारकाईने लिहिलं असेल ते दुसऱ्यावर राहिलं वाटतं. पुन्हा पाठवाल का? ठिपके केव्हा सुरू झाले, पानाच्या कोणत्या बाजूला आहेत, हे कळलं तर मला काहीतरी सांगता येईल.

इथे पाऊस थांबायचं नाव घेत नाही. आमचं रिसर्च स्टेशन केळीच्या बागांच्या मधोमध आहे. सकाळी ढग इतके खाली येतात की केळीची पानं ढगातच हलताना दिसतात. मी दिवसभर केळीच्या मर रोगावर काम करते. बागेत शिरताना बूट धुवायचे, निघताना पुन्हा धुवायचे. ऑलिव्ह आंटीला आमचे नियम फार आवडले असते.

माझं विचाराल तर कॉन्ट्रॅक्ट डिसेंबरपर्यंत आहे. हे चौथं. दर वेळी वाटतं आता कायम होईन, आणि दर वेळी एक वर्ष वाढवून मिळतं. या वर्षी मात्र एक कायमची जागा निघणार आहे. माझ्या बरोबरीचे दोघं-तिघं तिच्यावर डोळा ठेवून आहेत. माझ्या नावावर दुसऱ्यांच्या कामातले तुकडे पुष्कळ आहेत, माझं स्वतःचं म्हणावं असं काही नाही. लॉइड म्हणून आमचे जुने तज्ज्ञ आहेत, आजारी झाडांचे नमुने तपासतात, ते म्हणतात, "Something will turn up, mate." त्यांना काय, ते पुढच्या वर्षी रिटायर होतायत.

तुमचं ते ऐकू येण्याचं वाचून मी हसले नाही. मीही कधीकधी मायक्रोस्कोपवर डोळा ठेवून बसले की आई हाक मारते.

तुमची,
वेंडी


डँडेनॉन्ग,
३ जुलै २०२४

प्रिय वेंडी,

एकच मिळालं म्हणतेस? मी मोजून दोन टाकली होती! पोस्टवाल्यांनी एक खाल्लं असणार. असो, आता चार पाठवतो, ताजी, आजच खुडलेली. दोन वाटेत गेली तरी दोन पोचतील. ठिपके खालच्या बाजूने सुरू होतात, बोट फिरवलं तर खरखर लागते. ईस्टरच्या सुमाराला पहिला दिसला.

तरी वेल भरात आहे. फॉस्टर स्ट्रीटच्या भास्करला गेल्या आठवड्यात शंभरेक पानं दिली, त्याच्या दुकानात शनिवारी पानाला रांग लागते. आमच्या पॅरिशमधल्या लीनाला वेलीची काडी हवी होती, तीही लावून दिली. ठिपक्याची पानं मी बाजूला काढतो, चांगलीच देतो.

कायमच्या जागेचं वाचलं. मी फॅक्टरीत तीस वर्षं काढली, पण पहिली सहा वर्षं दर शुक्रवारी वाटायचं की सोमवारी बोलावणार नाहीत. ऑलिव्ह म्हणायची, "मनाला आधी कायम कर, नोकरी मागून होईल." तेव्हा मला तिचा राग यायचा. तुलाही येईल, तरी लिहून ठेवतो.

काल दुपारी ती पुन्हा आली होती. काचेतून ऊन आत आलं होतं आणि ती वेलीच्या मागे होती, नुसता हात दिसत होता. वसईच्या विहिरीचं पाणी कसं गोड होतं, असं काहीतरी सांगत होती. पुढचं ऐकायच्या आत जॉयलची पोर नताशा सूप घेऊन आली.

आर्थर अंकल


इनिसफेल,
१२ जुलै २०२४

प्रिय अंकल,

मी गाढव आहे. पान म्हणजे पान! मी तुमच्या पत्राचा दुसरा कागद शोधत बसले आणि तुम्ही मला पानवेलीची पानं पाठवली होती. वर्षानुवर्षं पानाला लीफ म्हणून म्हणून माझ्या डोक्यात मराठीतलं पान म्हणजे फक्त वहीचं उरलंय. झाडांची डॉक्टर आणि तिला पान कळेना! तुम्ही मात्र पोस्टवाल्यांवर आळ घेऊन मोकळे.

झालं असं की आमच्या स्टेशनवर येणारं प्रत्येक पाकीट रिसेप्शनवर उघडतात. आत पाला निघाला की तो सीलबंद करून थेट लॉइडच्या टेबलावर जातो आणि कागद तेवढा आमच्याकडे येतो. तुमची पहिली दोन पानं तिकडेच गेली होती, मला कुणी सांगितलंच नाही. काल नवी चार आली तेव्हा लॉइड माझ्यापुढे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "Who keeps sending you these?"

अंकल, आता माझं नीट ऐका. पाकिटातून पाला पाठवायचा नाही. मी विद्यार्थ्यांना हे पहिल्या दिवशी सांगते आणि माझ्याच घरातून पाकीट आलं. तसंच थोडे दिवस कुणालाही पानं देऊ नका, काड्या तर नाहीच. वेलीवर वरून पाणी मारू नका. खोलीतून बाहेर येताना पाय आणि हात धुवा. तपासणी चालू आहे. अजून काही ठरलेलं नाही, काळजीचं कारण नाही.

तुमची,
वेंडी


डँडेनॉन्ग,
२१ जुलै २०२४

वेंडी,

"काळजीचं कारण नाही" हे शब्द मी ओळखतो. ऑलिव्हच्या डॉक्टरनेही असंच म्हटलं होतं, खाली बघून. तू पत्रातसुद्धा खाली बघतेस.

मी नताशाला विचारलं. तिने कॉम्प्युटरवर शोधलं. मग म्हणाली, "Grandpa, if it's something new, they take the whole plant. Even the dirt." मुळापासून उपटतात, पिशव्यांत भरतात, खोल पुरतात. खरं आहे का हे? तू मला का नाही सांगितलंस?

मग आता मी सांगतो ते ऐक. मी एक्याऐंशी वर्षांचा आहे. आणखी किती दिवस? मी कुणाला पान देणार नाही. भास्करला सांगेन वेल झोपलीय. लीनाची काडी परत आणेन. दाराला कुलूप लावीन. मी जाईपर्यंत वेल राहू दे, मग जॉयलला सांगून खुशाल पुरा, हवं तर मला आणि तिला एकदमच. तू तुझ्या लॉइडला सांग की पाकीट कुणाचं होतं ते कळलं नाही. एवढं माझ्यासाठी कर. मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

घरात मला कुणाचा आवाज येत नाही, पोरी. जॉयल तोंड हलवतो, नताशा तोंड हलवते. त्या एका खोलीत मला माणसाचा आवाज येतो. वेल गेली तर ऑलिव्ह कुठे उभी राहील?

आर्थर


इनिसफेल,
२९ जुलै २०२४

प्रिय अंकल,

हे पत्र तीनदा लिहून फाडलं. नताशाने सांगितलं ते खरं आहे. शुक्रवारी तपासणीचा निकाल आला. तुमच्या पानावरची बुरशी या देशात आजवर कुणी पाहिलेली नाही. जगात कुठे नोंद आहे का ते अजून शोधतोय, बहुतेक नाहीच. ती तुमच्याकडे कुठून आली, हे कदाचित कधीच कळणार नाही. यात तुमची काही चूक नाही, हे आधी लिहिते.

मी तुमचं पत्र खिशात घालून शनिवारी विश्रामकडे गेले. विश्राम पुण्याचा इंजिनियर, सगळं सोडून इथे मिरीची बाग करून बसलाय. मिरी म्हणजे पानवेलीची सख्खी बहीण. एकीचं दुखणं दुसरीला लागायला वेळ लागत नाही. त्याच्या व्हरांड्यात बसून मी चहा प्यायले. धुकं होतं, बागेतून मिरीचा ओला वास येत होता, त्याची लहान मुलगी वेलींमधून अनवाणी धावत होती. अंकल, मी तिथे बसून ठरवत होते की तुमची वेल वाचवायची. खरंच ठरवत होते. पण भास्करने ती शंभर पानं कुणाकुणाला दिली? त्यातलं एखादं पान घेऊन कोण कुठे गेलं?

आणखी एक आहे. ते लपवलं तर तुम्हाला तोंड दाखवता येणार नाही. ही बुरशी जाहीर झाली की शोध माझ्या नावावर लागेल. माझं स्वतःचं म्हणावं असं काही मला हवं होतं ना, ते हेच निघालं. कायमच्या जागेच्या अर्जाला अजून वेळ आहे. म्हणून मला माझाच भरवसा वाटेना. मी विश्रामच्या मुलीसाठी सांगतेय की स्वतःसाठी, हे रात्रभर विचारत राहिले, आणि उत्तर मिळालं नाही. शेवटी एवढंच कळलं की उत्तर काहीही असलं तरी सांगावं लागेलच.

आज दुपारी मी कृषी खात्याला कळवलं. तुमचं नाव आणि पत्ता दिला. मला माफ करायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

वेंडी


डँडेनॉन्ग,
२९ जुलै २०२४

प्रिय वेंडी,

मागचं पत्र विसरून जा. म्हातारा रागात होता.

आज दहाच्या सुमारास डोळा लागला. काचा इतक्या पांढऱ्या झाल्या होत्या की मी दुधात बसलोय असं वाटत होतं. ऑलिव्ह आली, पण पानं खुडत नव्हती. पदर ओला करून एकेक पान पुसत होती. जॉयलला लहानपणी ताप आला की त्याचं तोंड पुसायची, तसंच. सगळी वेल पुसून झाली तरी ठिपके जाईनात. मी म्हटलं, राहू दे, मला वेल अशीच चालेल. तेव्हा ती दाराकडे बघून म्हणाली, "आर्थर, दार लाव." मी म्हटलं, लावतो, वारा येतोय. तर म्हणाली, "येत नाहीय, जातोय."

मी उठलो तेव्हा दार खरंच किलकिलं होतं आणि वाफ त्या फटीतून बाहेर जात होती. सकाळच्या थंडीत ती कुंपणावरून पलीकडे जाताना दिसली. मी बराच वेळ बघत उभा होतो.

मग नताशाला बोलावलं आणि सांगितलं, रोग कळवायचा तो सरकारी नंबर लाव. ती म्हणाली, "Are you sure?" मी म्हटलं, लाव, नाहीतर मन बदलेल. तिने सगळं सांगितलं, भास्करचं, लीनाचं, सगळ्यांचं. मला काही ऐकू येत नव्हतं, मी तिच्या ओठांकडे बघत होतो. शेवटी तिने माझा हात धरला, त्यावरून कळलं की झालं.

तू कुणाला सांगू नकोस. तुझ्यावर हे ओझं कशाला? माझ्या घरचं होतं, मी सांगितलं.

आर्थर अंकल


डँडेनॉन्ग,
१८ ऑगस्ट २०२४

वेंडी,

तुझं पत्र आणि माझं पत्र वाटेत कुठेतरी एकमेकांजवळून गेली असतील. आधी कुणी कळवलं ते विचारू नकोस. खात्याची बाई म्हणाली, एकाच घराबद्दल एकाच दिवशी दोन फोन, असं तिने कधी पाहिलं नव्हतं.

गुरुवारी ते आले. चौघं होते, नखशिखांत पांढऱ्या कपड्यात. बाहेरच थांबून त्यांनी बुटांवर पिशव्या चढवल्या. माणसं नीट होती, काही लावून बोलली नाहीत. मी म्हटलं, पहिला घाव मी घालतो. ती बाई म्हणाली की मला आत जाता येणार नाही. तेव्हा मी अंगणात उभा राहिलो. काचेवर आतून वाफ होती, पलीकडे पांढरी माणसं हलत होती आणि मधली हिरवी सावली वरून खाली कमी कमी होत गेली. मला काही ऐकू आलं नाही. मग काळ्या पिशव्या बाहेर आल्या. मग कुंड्या, माती, बांबू, माझी खुर्ची. काचा औषधाने धुतल्या. किती तरी वर्षं तिथे पानवेल किंवा मिरी लावायची नाही, असं लिहून दिलं.

भास्करच्या दुकानातली पानं नेली, त्याचा फ्रिज धुतला. तो आता मला रस्त्यात दिसला की फोनवर बोलत असल्यासारखं करतो. लीनाच्या काडीलाही ठिपके निघाले. ती चर्चमध्ये रडली.

काल मी रिकाम्या खोलीत जाऊन उभा राहिलो. काचा स्वच्छ आहेत, त्यामुळे शेजारच्यांची दोरीवरची चादर दिसते. मी दोनदा तिचं नाव घेतलं. काही नाही. तुझ्यावर राग नाही, बाय. तू बरोबर केलंस, मीही तेच केलं. पण तुझं अक्षर पाहिलं की मला त्या पिशव्या आठवतात. काही दिवस लिहू नकोस.

आर्थर


इनिसफेल,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय आर्थर अंकल,

तुम्ही लिहू नकोस म्हणालात म्हणून लिहिलं नाही. ख्रिसमसलाही हात आवरला. नताशाकडून कळत होतं. ती म्हणाली, आता तुम्ही पुन्हा थोडं जेवायला लागलायत आणि तिला मराठीत ओरडायलाही लागलायत. तेव्हा हिंमत करतेय.

आधी हे वाचा. बुरशी थांबली. तुमच्याकडची वेल, लीनाकडची काडी आणि भास्करकडून पानं नेलेल्या आणखी एका बाईची वेल, बस्स. त्यापलीकडे कुठेही सापडली नाही. इकडे मिरीच्या सगळ्या बागा तपासल्या, विश्रामची मी स्वतः तपासली, पान न् पान. स्वच्छ आहे. सगळ्यांचं म्हणणं एकच, आणखी एक उन्हाळा गेला असता तर हे आवरलं नसतं. तुम्ही एका घरात ते दार लावलंत.

दुसरं म्हणजे मी कायम झाले. गेल्या आठवड्यात पत्र आलं. लॉइडने केक आणला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आनंद झाला नाही असं नाही. खूप झाला. म्हणूनच रडले.

आता विचारायचं ते विचारते. ती बुरशी जगात कुठेच नोंदलेली नाही. अगदी नवीन जात. अशा वेळी जो तिचं वर्णन लिहितो त्याने तिला नाव द्यायचं असतं, लॅटिन वळणाचं, आणि एकदा छापलं की ते कायमचं. आम्ही असू-नसू, पुस्तकात ते नाव राहतं. मला ऑलिव्ह आंटीचं नाव द्यायचंय. तिने लावलेली वेल राहिली नाही, निदान नाव राहू दे. लॉइड म्हणाले, "Mate, everyone'll think it grows on olives." पण ते मी बघून घेईन, वर्णनात खुलासा करीन. तुम्ही हो म्हणालात तरच. नाही म्हणालात तर पुन्हा विषय काढणार नाही.

तुमची,
वेंडी


डँडेनॉन्ग,
२ मार्च २०२५

प्रिय वेंडी,

तुझं अक्षर पाहिलं आणि या वेळी पिशव्या आठवल्या नाहीत. तुझे बाबाच आठवले. ते असते तर आज अख्ख्या आळीत पेढे वाटून आले असते. माझ्याकडून जॉयलने लाडू आणलेत, तुझ्या वाटचे आम्ही खाल्ले. कायम झालीस! शाब्बास, बाय. आता बाथरूममध्ये जाऊन रडायचं नाही, लोकांसमोर रडायचं.

विश्रामच्या बागेचं वाचून बरं वाटलं. ते वाक्य मी जॉयललाही वाचायला लावलं आणि मग भास्करच्या दुकानात जाऊन त्यालाही वाचून दाखवलं. त्याने चहा पाजला.

आता नावाचं. तुझं पत्र वाचून मी आधी भडकलो. रोगाला माझ्या बायकोचं नाव? खबरदार! पुढची शंभर वर्षं शेतकरी उठून म्हणणार, "मेली ती ऑलिव्ह आली, फवारा मारा." मी तसं लिहायलाही बसलो होतो. पण बाहेर ऊन चांगलं होतं, म्हणून कागद घेऊन मागे गेलो. मी त्या खोलीत गेल्या महिन्यापासून पुन्हा बसायला लागलोय, नताशाने नवी खुर्ची आणलीय. आत काहीच नाही, नुसती फरशी आणि ऊन. तिथे लिहिता लिहिता डोळा लागला.

ऑलिव्ह आली. मी इतके महिने समजत होतो की ती वेलीसाठी येते. वेल नव्हती, तरी ती आली आणि मोकळ्या फरशीवर ऐसपैस पाय पसरून बसली. मी तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. नाव तिचं लागणार हे ऐकून ती हसायला लागली. वेंडी, ते हसणं मी विसरलो होतो. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, "त्या बुरशीने वेलीचा जीव खाल्ला. आणि माझा जीव चाळीस वर्षं कुणी खाल्ला?"

तेव्हा तिचं नाव नको. आर्थर लाव.

तुझा,
आर्थर अंकल